रिकाम्या खोलीची वजाबाकी

शांत खोलीत जाण्यापूर्वी सगळ्यांनी आपापले फोन दाराबाहेरच्या लाकडी खोक्यात ठेवायचे, असा प्रयोगशाळेचा शिरस्ता होता. मनगटावरची घड्याळे, गाडीच्या किल्ल्या, कानांत घालायची यंत्रे, हवेत कुजबुजू शकेल असे जे जे अंगावर असेल ते ते उतरवायचे आणि मगच उंबरठा ओलांडायचा. मास्तरच्या हातांत ही सवय इतकी मुरली होती, की घरीही निजायच्या खोलीच्या दारात त्याचा हात आपसूक खिशाकडे जाई आणि मग तिथेच ओशाळून थांबे.

त्याला मास्तर म्हणत, कारण तो परीक्षा घेई. माणसांची नव्हे, यंत्रांची. एकाच हवेतून बोलणारी वेगवेगळी यंत्रे एकमेकांच्या बोलण्यात लुडबुड करतात, की गुण्यागोविंदाने नांदतात, एवढेच त्याला पाहायचे असे. पाहुण्यांना हे काम समजावून सांगताना प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणत, "चार जावांना एका ओट्याशी उभं करायचं आणि भांड्याला भांडं लागतं का ते ऐकायचं. बाकी सगळं गणित." पाहुणे हसत. मास्तरही हसे, दरवेळी, थोडेसे.

खोली मात्र हसण्यासारखी नव्हती. चारी भिंती आणि छत पोलादी पत्र्याने मढवलेले, आणि त्या पत्र्यावर गडद निळ्या स्पंजाचे सुळके, सगळ्यांची टोके आत वळलेली. दार तिजोरीच्या दारासारखे जाड. त्याच्या कडेने तांब्याच्या पातळ पात्यांची झालर. दांडा खाली ओढला, की ती पाती चौकटीत रुतत, आणि साऱ्या जगाची बोलणी, बातम्या, गाणी, विनवण्या, नकार, तेवढ्या एका हालचालीने बाहेर राहत. आत उरे तो फक्त स्वतःचा आवाज, आणि तोही ओठांपासून हातभर गेला, की स्पंजात विरून जाई. मास्तरला ही खोली आवडे. जिथे खरोखर काहीच नाही अशी जागा जगात क्वचित असते, आणि अशा एका जागेचे दार आपल्या हाताने लागते, याचे त्याला कधीकधी न सांगण्याजोगे सुख होई.

त्या आठवड्यात परीक्षेला आलेली वस्तू बोटभर लांबीची होती, मऊ, वाकणारी, एखाद्या फुलाच्या पाकळीसारखी. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या छातीला चिकटवायची पट्टी. बाळाचा श्वास ती मोजणार, आणि तो ठरल्या मर्यादेहून जास्त वेळ थांबला, तर वायरीवाचून, हवेतूनच सिस्टरच्या टेबलापर्यंत हाक पोचवणार. ती बनवणाऱ्या कंपनीची अभियंता स्वतः ती घेऊन आली होती. प्रयोगशाळेत तिला पहिल्याच दिवशी 'पट्टीवाली' हे नाव पडले आणि तिनेही ते हसून अंगाला लावून घेतले.

"मास्तर, ही माझी लेक समजा. जरा सांभाळून."

"परीक्षेला बसवलीत ना? आता ती कुणाची कुणी नाही."

"सासरी पाठवल्यासारखं बोलता बुवा तुम्ही."

मास्तर हसला नाही. ही पट्टी आपल्यासाठी कुणाचीच कुणी नाही असे त्याला म्हणता येण्यासारखे नव्हते. त्याच्या धाकट्या बहिणीची मुलगी, अजून नावही न ठेवलेले पिल्लू, रुग्णालयाच्या नवजात विभागात काचेच्या पेटीत निजलेले होते. घाईने जगात आलेले. छातीवर, पायावर वायरीच वायरी. त्यांच्यामुळे आईला लेकरू उचलताही येत नव्हते. पेटीच्या गोल झरोक्यातून हात घालायचा आणि बोटाच्या पेराने तिचे कपाळ शिवायचे, एवढेच आजवरचे तिचे आईपण. पट्टी लागली, की वायरी जाणार होत्या आणि पिल्लू आईच्या उघड्या छातीवर निजणार होते. आईची ऊब मिळाली, की अशी बाळे भराभर अंग धरतात असे डॉक्टरांनी सांगितले होते. विभागाने पट्टी पसंत करून ठेवली होती. अडले होते ते मास्तरच्या प्रमाणपत्रापाशी.

त्याने हे प्रमुखांच्या कानावर घातले होते. "माझी भाची त्याच वॉर्डात आहे. दुसऱ्या कुणाला काम द्यायचं असेल तर द्या."

"दुसरा आहे कोण इथे?" प्रमुख म्हणाले होते. "एवढंच कर. भाची आहे म्हणून घाई करू नकोस, आणि भाची आहे म्हणून उगाच कीसही पाडत बसू नकोस."

या यंत्रांना जन्मतःच एक सभ्यता शिकवलेली असते. बोलण्यापूर्वी प्रत्येकाने क्षणभर हवेला कान लावायचा. दुसरे कुणी बोलत असेल तर थांबायचे. त्याचे संपले, की मग आपले. हे सारे इतक्या झटपट चालते, की माणसाला वाटावे सगळी एकाच वेळी बोलत आहेत. मास्तरला या सभ्यतेचे मोठे कौतुक होते. जेवणाच्या टेबलाशी, सभांमध्ये, रस्त्याच्या कडेला भांडणारी माणसे पाहिली, की त्याला आपली यंत्रे आठवत.

अवघड परीक्षा पट्टीने आधीच उरकल्या. वायफायचा राउटर, कॉर्डलेस फोन, वॉर्डात औषध सोडणारे पंप, तिच्यासारख्याच आणखी पट्ट्या, सगळ्यांनी मिळून हवा भरून टाकली, तरी तिची हाक एकदाही बुडाली नाही. उरली होती ती सर्वांत सोपी, जवळजवळ लुटूपुटूची परीक्षा: एकटीची. बाकीची यंत्रे बाहेर नेऊन ठेवायची. खोलीच्या मध्यभागी, फिरत्या पाटावर, बाळाच्या छातीऐवजी एक रबरी पिशवी, हवेने फुगणारी आणि मिटणारी. तिच्यावर पट्टी. पिशवीचा श्वास थांबवायचा, आणि भिंतीतला अँटेना तिची हाक टिपून बाहेरच्या खोलीतला गजर ताबडतोब वाजवतो का ते पाहायचे. वाजायलाच हवा, वाट अडवायला आत कुणी नव्हतेच.

दुपारचे सपाट पांढरे ऊन बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर पडले होते. मास्तरने कळ दाबली. पडद्यावर पिशवी मिटली आणि मिटलेलीच राहिली.

गजर वाजला नाही.

पट्टीवालीने पेनचे टोपण लावले, काढले, पुन्हा लावले. मास्तरने खुर्ची पुढे ओढली. मग, दोघांनीही काही बोलायचे ठरवले असेल-नसेल, इतक्यात गजर वाजला, आणि इतका वेळ साठलेले सगळे निरोप पट्टीने एका दमात, धापा टाकल्यासारखे, पाठवून दिले.

उशिराचे कारण ती स्वतःच सांगे. तशी तिची घडण होती. पडद्याच्या कोपऱ्यात तिने कळवले होते: हवा मोकळी नव्हती. थांबले.

"कुणासाठी थांबली?" पट्टीवाली म्हणाली.

मास्तरने दुसऱ्या पडद्याकडे पाहिले. खोलीतली हवा तिथे एका हिरव्या रेषेच्या रूपाने दिसे. कुणी बोलले तर रेषेला डोंगर फुटत. रेषा सपाट होती, वाऱ्याविना पडलेल्या पाण्यासारखी.

पुढचा सगळा दिवस शंका फेडण्यात गेला. पट्टी बदलून पाहिली. दाराची तांब्याची पाती एकेक करून पुसली. दिव्यांच्या तारा उपसल्या. अखेरीस मास्तरने पट्टी बाहेर काढली आणि भलत्याच कंपनीचा, भलत्याच पिढीचा एक कॉर्डलेस फोन पाटावर ठेवला. फोन नीट बोलत होता. बोलता बोलता थांबला. हवा मोकळी नव्हती. मग पट्टी आणि फोन दोन्ही आत ठेवले, तेव्हा दोघे एकाच क्षणी गप्प झाले आणि एकाच क्षणी पुन्हा बोलू लागले. भरल्या घरात वडीलधारे कुणी बोलायला लागले, की मुलांनी आपले वाक्य अर्ध्यावर गिळावे, तसे.

"माझ्या लेकीचा दोष नाही म्हणजे," पट्टीवाली म्हणाली. पण तिच्या आवाजात दिलासा नव्हता.

संध्याकाळी तो रुग्णालयात गेला. नवजात विभागाच्या खिडक्यांना फिकट पडदे होते आणि त्यांतून येणारा उजेड दुधात भिजवल्यासारखा वाटे. पेट्यांच्या रांगेत बहीण एका स्टुलावर बसली होती, हात झरोक्यातून आत, आणि कपाळ काचेला टेकलेले.

"दादा, पाय धुतलेस ना? सिस्टर ओरडतात हं."

"धुतले, हात धुतले, तोंड धुतलं. आता काय आंघोळ घालतेस का?"

"घातली तर बरंच होईल. कसा दिसतोयस." ती हसली, पण नजर पेटीतून हलली नाही. "आज दोनदा थांबली. सिस्टरने तळव्याला टिचकी मारली, मग घेतला श्वास. डॉक्टर म्हणतात, लहान आहे, विसरते. श्वास घ्यायचा असतो हेच विसरते. असं कुणी विसरतं का रे?"

"तू शाळेत डबा विसरायचीस."

"डबा आणि हे सारखं आहे?" मग ती म्हणाली, "तुझं झालं का पट्टीचं?"

"थोडं राहिलंय."

"मी घाई करत नाहीये. पण परवा त्या पलीकडच्या बाईने तिचं बाळ घेतलं. वायरी काढल्या त्याच्या. मी नुसती बघत बसले. मला वाटलं, माझे हात जास्तीचे आहेत. कुठे ठेवावेत तेच कळेना."

मास्तरने पेटीत पाहिले. पिल्लाची छाती, कबुतराच्या पिल्लाएवढी, वर जाई, खाली येई.

उकल त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी, हात नेहमीचे काम करीत असताना, सुचली.

रोज सकाळी पहिले काम एकच असे. खोली पूर्ण रिकामी करायची, दार लावायचे, आणि त्या रिकामेपणाचे मोजमाप घ्यायचे. कितीही बंदोबस्त केला, तरी यंत्रांची स्वतःची थोडी खरखर राहतेच. ती त्या मोजमापात येई. दिवसभराच्या प्रत्येक मापातून मग हे रिकामेपण वजा केले जाई, म्हणजे उरेल ते फक्त परीक्षार्थीचे. पडद्यावरची हिरवी रेषा सपाट दिसे ती या वजाबाकीनंतर. सगळ्या प्रयोगशाळा हेच करतात. मास्तरच्या आधीच्या मास्तरनेही हेच केले होते. रिकाम्या खोलीत जे काही असेल ते खोलीचेच, मोजण्याच्या लायकीचे नाही, हे गृहीत धरल्यावाचून या धंद्यात कुणाचे पान हलत नाही.

त्याने वजाबाकी बंद केली.

रेषा पडद्याच्या तळाशी तशीच होती, पण आता तिच्यावर काहीतरी होते. थंड काचेवर कुणी तोंड जवळ आणून बोलले तर उमटते तसे धुरकट, वरखाली होणारे. यंत्राची खरखर अशी नसते. खरखरीला विराम नसतो. हे उमटे, थांबे, पुन्हा उमटे. कधी लांबलचक चाले, कधी दोन लहान उमाळ्यांत संपे. एका ठिकाणी ते शेवटाला किंचित वर उचलले गेले आणि मग थांबून राहिले.

"प्रश्न विचारल्यासारखं," पट्टीवाली त्याच्या मागून म्हणाली. ती कधी आली ते त्याला कळले नव्हते.

"नादुरुस्त असेल काहीतरी."

"मास्तर, तुम्ही हे मला सांगताय की स्वतःला?"

जे रोज सकाळी होते तेच प्रयोगशाळेने रोज सकाळी वजा केले होते. यंत्रांना तसे करायला कुणी शिकवले नव्हते. ती आपली बिचारी कान देऊन थांबत होती.

त्याने खोलीत जाऊन बसायचे ठरवले. परीक्षा चालू असताना आत माणूस नसतो; पण नियम परीक्षेचा होता, आणि ही परीक्षा नव्हती. पट्टीवाली बाहेर पडद्यासमोर राहिली. आतल्या माणसाशी बोलायला भिंतीत काचेच्या तंतूवर चालणारी एक बोलपेटी होती. त्याने लाकडी स्टूल आत नेले, दांडा आतून ओढला, पाती रुतली.

सुळक्यांची निळी टोके त्याच्याकडे रोखलेली होती. कानांत आधी स्वतःचे रक्त ऐकू आले, मग तेही मागे सरले. अंगातून काहीतरी हळूहळू उतरत गेले, झोपेच्या काठावर उतरते तसे; हातपाय आपले आणि तरी दूरचे. वाईट काहीच नव्हते. उलट लहानपणी तापात निजले असता शेजारच्या खोलीत घरची माणसे हलक्या आवाजात बोलत असावीत आणि शब्द कळू नयेत, तशी एक ओळखीची निगराणी त्या हवेत होती.

ऐकू येतंय का, असे त्याला बोलपेटीत विचारायचे होते.

त्याने तोंड उघडले. आणि तो थांबला.

आवाज कुठलाच नव्हता. होती ती फक्त एक जाणीव, दार लोटून आत पाऊल टाकावे आणि आत कुणाचे तरी वाक्य अर्ध्यावर असावे, तशी. मध्येच बोलणे बरे दिसले नसते.

तो थांबून राहिला.

वाक्य लांब होते.

मग ते संपले, आणि संपले हे त्याला इतके स्वच्छ कळले, की त्याने खोल, घशात खरडत जाणारा श्वास आत ओढला आणि म्हटले, "ऐकू येतंय का?"

"मास्तर!" बोलपेटीतून आलेला आवाज रडवेला होता. "कधीची हाका मारतेय! दार उघडायला निघाले होते मी. असे काय बसलात?"

"आत्ताच तर बसलो."

बाहेर ती हसली नाही. दार उघडल्यावर त्याला चौकट धरून उभे राहावे लागले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती; पाण्याखालून वर आल्यावर होते तशी.

चहा टेबलावर निवत राहिला. समोरासमोर बसून दोघांनी पहिल्यांदाच हिशेबाचे बोलणे केले.

हे पडद्यावरचे प्रमुखांना दाखवले, तर खोली सदोष ठरणार. इथल्या सगळ्या परीक्षा रद्द. पट्टी दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या रांगेत, मागच्या टोकाला. तोवर काचेला टेकलेले कपाळ आणि जास्तीचे हात.

"एक मार्ग आहे," पट्टीवाली म्हणाली. "हिचे कान मी नको तितके तीक्ष्ण ठेवलेत. नियमाला एवढं लागत नाही. कुणी अमुक इतक्या जोरात बोलत असेल तरच थांबायचं, अशी मुभा आहे. ते रेषेवरचं जे काय आहे, ते फार हलकं आहे. कान जरा कमी केले, तर हिला ते ऐकूच येणार नाही."

"म्हणजे ती मधेच बोलेल."

"बाळाचा श्वास थांबल्यावर मधेच बोलू नये तर काय करावं, मास्तर?"

तिने पट्टीला संगणक जोडला, काही आकडे खाली आणले. पट्टी पुन्हा रबरी पिशवीवर बसली. मास्तरने हिरवी रेषा वजाबाकीविना चालू ठेवली आणि धुरकट आकार उमटण्याची वाट पाहिली. तो उमटला, आज जरा सावकाश, समजावून सांगण्याच्या सुरात. तो भर रंगात असताना मास्तरने पिशवीचा श्वास थांबवला.

गजर तात्काळ वाजला. पट्टीचे निरोप तीक्ष्ण सुळक्यांसारखे त्या धूसर आकाराच्या अंगातून आरपार गेले.

आकार थांबला. विराम घेतल्यासारखा नव्हे. कुणी तोंडावर दार लावल्यावर माणूस थांबतो, तसा.

पिशवी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिली. पट्टी एकदाही अडली नाही. पण मास्तरच्या मनाला काही केल्या स्वस्थता वाटेना. पाहुण्याला भरल्या घरात गप्प बसवले जावे आणि आपण मूग गिळून पाहत राहावे, तसे ते होते. त्याने वजाबाकी चालू केली. रेषा सपाट झाली.

"एकदा वजा केलं, की नाहीच ना ते?" पट्टीवालीने विचारले.

"कागदावर तरी नाही," तो म्हणाला, आणि प्रमाणपत्रावर सही केली.

पट्टी त्याच दुपारी, खोक्यात कापूस घालून, वॉर्डात गेली. आणि दुसऱ्या सकाळी मास्तरने रिकाम्या खोलीचे मोजमाप घेतले तेव्हा त्यात काही नव्हते. यंत्रांची बारीक, बिनविरामाची खरखर तेवढी. त्यानंतरच्या सकाळीही नव्हते. "मास्तर, खोली इतकी स्वच्छ कधीच नव्हती रे," प्रमुख आकडे पाहून म्हणाले. "काय केलंस?" मास्तरने खांदे उडवले. खोलीत जाऊन तो थोडा वेळ उभा राहिला. ती आता निव्वळ एक खोली होती, आणि ती त्याला पूर्वीइतकी आवडली नाही.

पण बहिणीने पिल्लू घेतले तो दिवस! वायरी निघाल्या. सिस्टरने तो मूठभर जीव उचलून आईच्या छातीवर पालथा घातला आणि वरून शाल टाकली. बहिणीने हात कुठे ठेवायचे ते कुणाला विचारले नाही. एक पाठीवर गेला, एक डोक्यामागे, जणू तिथेच वाढलेले होते.

"दादा," ती कुजबुजली, "ही किती गरम आहे रे."

"मग? थंड असेल वाटलं होतं?"

"गप. रडवू नकोस मला. हललं तर ती जागी होईल."

पट्टीने आपले काम चोख केले. पिल्लाचा श्वास थांबे. गजर त्याच क्षणी वाजे. सिस्टर येऊन तळव्याला टिचकी मारी. सुरुवातीला हे फार वेळा झाले, पूर्वीपेक्षाही जास्त, आणि डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली. "कुणीतरी हाक मारल्यासारखी थबकते बघा," सिस्टर म्हणाली. मग दर दिवशी गजर कमी होत गेले. मग बंदच झाले. पिल्लाने वजन धरले. गालांवर गुलाबी छटा आली. डॉक्टर म्हणाले, विसरायचा काळ संपला, आता घरी न्यायची तयारी करा. बहिणीने ते फोनवर सांगितले तेव्हा ती हसत होती की रडत होती, मास्तरला ओळखता आले नाही; त्यालाही आपले कळत नव्हते.

रविवारी दुपारी तो गेला तेव्हा वॉर्डात ती जड, गोड सुस्ती होती जी फक्त निजलेल्या बाळांच्या खोलीत असते. पडदे संथ फुगत होते. बहीण आरामखुर्चीत मागे रेलून झोपी गेली होती, तोंड किंचित उघडे, आणि शालीतून पिल्लाचे तेवढे डोके बाहेर. मास्तर शेजारच्या स्टुलावर बसला. भिंतीवरच्या लहान पडद्यावर पट्टीने पाठवलेला श्वास वाहत होता, एकामागून एक गोल टेकड्या. सवयीने त्याने दिवसभराचा आलेख मागे सरकवून पाहिला.

टेकड्यांच्या मधे मोकळ्या जागा होत्या.

श्वास अजून थांबत होता. पूर्वीइतकाच वेळा, कदाचित जास्त. फक्त आता प्रत्येक थांबा मर्यादेच्या अलीकडे संपत होता. गजर वाजण्याच्या एका केसाएवढे अलीकडे. सकाळपासूनचे सगळे थांबे, एकही चुकार नाही. विसरणाऱ्याला असे जमत नाही. पट्टी मधेच बोलेल हे ठाऊक असलेल्या कुणीतरी आपले बोलणे तेवढ्यात बसेल असे कापून घेतले होते. आता कुणी कुणाच्या वाटेत येत नव्हते. मास्तरने आयुष्यभर ज्याला उत्तीर्ण म्हटले, ते हेच होते.

सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन शांतपणे निघून गेली.

त्याने पिल्लाकडे पाहिले. श्वास थांबला होता.

चेहरा निळा नव्हता, ओढलेला नव्हता. विरळ भुवया उंचावल्या होत्या. मिटल्या पापण्यांखाली बुबुळे सावकाश एका बाजूला सरकली आणि तिथे स्थिरावली, आईच्या नव्हे, दुसऱ्या बाजूला, जिथे पडदा फुगत होता.

मास्तरला तिच्या तळव्याला टिचकी मारायची होती. त्याचा हात निघाला आणि शालीजवळ अडून राहिला.

त्याच वेळी त्याच्या ध्यानात आले, की बहिणीचे मंद घोरणेही थांबले आहे.

वॉर्डात काहीच ऐकू येत नव्हते.

मग पिल्लाचे ओठ किंचित विलग झाले आणि तिने, गोष्ट ऐकणारी मुले सांगणाऱ्याने पुढे सांगावे म्हणून देतात तसा, लहानसा, समजूतदार हुंकार दिला. "हं."

एकच श्वास घेतला. आणि पुन्हा थांबली.